विश्लेषण : गोदामांतील तूर सरकार कशी मोजते?

तूरडाळीचे भाव चढू लागले की एकच प्रश्न चर्चेत येतो. माल खरोखर कमी आहे की कुणी तो दडवून ठेवला आहे? याचे उत्तर गोदामांत पडून असलेल्या पोत्यांत असते. मात्र सरकारी गोदामांतील साठा रोजच्या नोंदीत असला, तरी खासगी साठ्याचा हिशेब मालकाने सांगितल्याशिवाय सरकारला कळत नाही. तो कसा मिळवला जातो आणि त्यात त्रुटी कुठे राहतात, याविषयी...

खासगी साठा मोजण्याची गरज काय?

मागील वर्षीचा शिल्लक साठा, यंदाचे उत्पादन आणि आयात यांच्या बेरजेतून वापर व निर्यात वजा केली की हाती किती माल आहे, हे कळते. उत्पादनाचे अंदाज पीक कापणी प्रयोगांवरून बांधले जातात. आयात-निर्यातीची नोंद सीमाशुल्क विभागाकडे असते. खरी अडचण शिल्लक साठ्याची आहे. तो शेतकऱ्यांच्या घरी, अडत्यांकडे, डाळ गिरण्यांत, खासगी वखारींत आणि बंदरांवर विखुरलेला असतो. हा आकडा चुकला की आयातीचा निर्णयही चुकू शकतो. साठा प्रत्यक्षापेक्षा कमी धरला तर गरजेपेक्षा जास्त तूर देशात येते आणि ऐन काढणीच्या हंगामात शेतकऱ्याचा भाव पडतो. जास्त धरला तर आयातीला उशीर होतो आणि ग्राहकाला महाग डाळ घ्यावी लागते.

माहिती मागण्याचा अधिकार कुठून येतो?

जीवनावश्यक वस्तू कायदा, १९५५ च्या कलम ३ नुसार सरकार व्यापाऱ्यांकडून माहिती व आकडेवारी मागवू शकते, हिशेबवह्या तपासू शकते आणि साठ्यावर मर्यादाही घालू शकते. आदेश मोडल्यास कलम ७ नुसार सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. याच कायद्याच्या आधारे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ऑगस्ट २०२२ मध्ये तुरीचा साठा जाहीर करायला लावण्याचे निर्देश राज्यांना दिले.

नोंद कशी होते?

घाऊक व्यापारी, किरकोळ विक्रेते, मोठ्या दुकानसाखळ्या, डाळ गिरण्या आणि आयातदार यांनी सरकारी पोर्टलवर नोंदणी करून आपला साठा भरायचा असतो. गव्हासाठी असे वेगळे पोर्टल आहे. एप्रिल २०२४ पासून गव्हाचा साठा दर शुक्रवारी भरण्याचे बंधन घालण्यात आले. भरलेल्या आकड्याची पडताळणी राज्यांच्या पुरवठा यंत्रणेने करायची असते. गोदामातील थप्प्यांमधील पोती मोजायची, पोत्याच्या वजनाने गुणायचे आणि आलेला आकडा साठा नोंदवहीशी व पोर्टलवरील नोंदीशी ताडून पाहायचा, ही साधी पद्धत.

साठा मर्यादा म्हणजे काय?

भाव वाढले की माहितीपाठोपाठ मर्यादाही येते. जून २०२३ मध्ये तूर आणि उडदासाठी घाऊक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचा २०० टन, तर किरकोळ विक्रेत्याला ५ टन साठा ठेवण्याची मुभा होती. आयातदाराने सीमाशुल्क मंजुरीनंतर ३० दिवसांपेक्षा जास्त काळ माल ठेवायचा नव्हता. सप्टेंबरमध्ये घाऊक व्यापाऱ्यांची मर्यादा ५० टनांवर आणण्यात आली. गव्हाबाबतही तसेच झाले. जून २०२३ मधील ३००० टनांची मर्यादा टप्प्याटप्प्याने २०००, १००० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ५०० टनांवर आली.

मग त्रुटी कुठे राहतात?

एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने वरिष्ठ अधिकाऱ्यांना तुरीच्या प्रमुख बाजारपेठांत पाठवले. त्यात अकोला, लातूर, सोलापूर, कलबुर्गी आणि इंदूर यांचा समावेश होता. नोंदणी वाढत असली तरी बाजारातील बरेच जण पोर्टलवर आलेलेच नाहीत किंवा आकडे नियमित भरत नाहीत, असे त्यांना आढळले. बाजार समितीच्या आवारात लिलावाच्या प्रतीक्षेत असलेला आणि बंदरावर मंजुरीसाठी अडकलेला माल कुणाच्याच खात्यात दिसत नव्हता. काही गिरणीमालक व व्यापारी तर आपला माल शेतकऱ्यांच्या नावावर गोदामांत ठेवत असल्याचेही समोर आले.

हा शेवटचा प्रकार पकडणे सर्वात अवघड आहे. कारण शेतकऱ्याच्या नावावर गोदामात माल असणे यात गैर काहीच नाही. महाराष्ट्रात कृषी पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेत शेतकरी तूर, सोयाबीन, हरभरा गोदामात ठेवून त्यावर कर्ज घेतात, म्हणजे काढणीच्या वेळी मिळेल त्या भावाला विकावे लागत नाही. वखारीच्या पावतीवर नाव शेतकऱ्याचे असले, तरी माल त्याचाच आहे की व्यापाऱ्याचा, हे पावतीवरून कळत नाही. म्हणून अन्न परवाना, बाजार समिती नोंदणी, जीएसटी आणि गोदामांच्या नोंदी एकमेकांशी जुळवून पाहण्याचा मार्ग केंद्राने सुचवला.

इतर देशांत काय पद्धत आहे?

अमेरिकेत कृषी खात्याची सांख्यिकी संस्था दर तिमाहीला धान्यसाठ्याचा अहवाल काढते. मार्च, जून, सप्टेंबर आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेचा साठा त्यात असतो. शेतावरील साठ्यासाठी निवडक शेतकऱ्यांची पाहणी होते, तर गिरण्या, वखारी, प्रक्रिया उद्योग अशा माहितीतल्या सर्व व्यावसायिक साठवणदारांकडे विचारणा केली जाते. एकेका गोदामाचा आकडा कायद्याने गोपनीय राहतो. फक्त एकत्रित आकडे जाहीर होतात आणि तेही सर्वांसाठी एकाच ठरलेल्या वेळी.

फरक कशात आहे?

अमेरिकेतील संस्था फक्त मोजते, कुणाला दंड करत नाही. आपल्याकडे साठा विचारणारा विभागच मर्यादा ठरवतो, आणि पडताळणी व कारवाई राज्यांची पुरवठा यंत्रणा करते. त्यामुळे भाव तेजीत असताना, म्हणजे आकड्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच, खरा आकडा सांगण्यात व्यापाऱ्याला धोका वाटतो. साठेबाजी रोखायला कायद्याचा धाक लागतो, हे खरे. पण त्याच धाकाने माल कागदावरून गायब होतो, हेही २०२३ च्या पाहणीत दिसले.

याची किंमत शेतकरी आणि ग्राहक दोघेही मोजतात. मार्च २०२३ मध्ये अख्ख्या तुरीवरील १० टक्के आयातशुल्क काढण्यात आले आणि म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून येणाऱ्या तुरीचा मार्ग आणखी मोकळा झाला. अशी सवलत किती काळ ठेवायची, हे ठरवताना देशात किती तूर शिल्लक आहे, हाच आकडा हाती असावा लागतो. तो खात्रीचा नसेल, तर २०२५-२६ साठी जाहीर झालेला क्विंटलला ८००० रुपयांचा हमीभाव लातूर-अकोल्याच्या बाजारात टिकेल की नाही, हे शेतकऱ्याला पेरणीच्या वेळी सांगता येणार नाही.