नदीकांठचें बिऱ्हाड व लेखी करार

कृष्णेच्या कांठीं वसलेल्या सांगली शहरांत भाड्याचें घर घेणें ही घरमालक व बिऱ्हाडकरू ह्या दोघांमधली खासगी बाब आहे, असें सर्वसाधारणपणें मानलें जातें. भाडें ठरलें, अनामत दिली, किल्ली हातीं आली, कीं व्यवहार संपला! परंतु ज्या शहरास २००५, २०१९ व २०२१ ह्या तीन वर्षीं महापुरानें वेढिलें, तेथें ह्या व्यवहाराकडे सार्वजनिक हिताच्या दृष्टीनें पाहिलें पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

१९२९ सालीं बांधलेल्या आयर्विन पुलापाशीं पाणी ४० फुटांवर गेलें कीं इशारा व ४५ फुटांवर गेलें कीं धोका, हें येथल्या शाळकरी मुलासही ठाऊक आहे. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांच्या वर चढलें; त्या दिवसांची आठवण गणपती पेठेंतील व्यापाऱ्यांस आम्हीं करून द्यावयास नको. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर येथें पाणी आधीं शिरतें. विश्रामबागेकडील भाग त्या मानानें उंच आहे. हें सर्व जुन्या रहिवाशास माहीत असतें. पण शिक्षणासाठीं आलेला विद्यार्थी, मिरजेच्या रुग्णालयांत नोकरीस लागलेली परिचारिका, बाजारांत हमालीस आलेला मजूर ह्यांस तें कोणीं सांगावयाचें? घर दाखवितांना नळाचें पाणी किती वेळ येतें हें मालक सांगतो. नदीचें पाणी कोठवर आलें होतें हें मात्र सांगत नाहीं. हळदीच्या पोत्यांत खालीं ओला माल भरून वर सुका दाखविणाऱ्यास आपण व्यापारी म्हणत नाहीं. मग घराच्या सौद्यांत तीच लबाडी व्यवहारचातुर्य कशी ठरते?

दुसरी गोष्ट कराराची. अकरा महिन्यांचा कागद केला कीं नोंदणी लागत नाहीं, ही समजूत अद्याप पुष्कळांची आहे. ती चुकीची आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ ह्याच्या ५५ व्या कलमान्वयें प्रत्येक भाडेकरार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा कां असेना, लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात.

ह्यावर मालकवर्ग म्हणेल कीं, भाडेकरू एकदां घरांत बसला म्हणजे उठत नाहीं. कागद करून त्याचे हात बळकट कां करावे? ही भीति अगदींच निराधार नाहीं. परंतु तिचें औषध कागद हेंच आहे. लेखी करार नसल्यास अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. उलटपक्षीं लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही जो घर सोडीत नाहीं, त्याच्याकडून दुप्पट दरानें भरपाई घेण्याची तरतूद २४ व्या कलमांत आहे. तेव्हां चार पैसे वांचविण्यासाठीं नोंदणी टाळणारा मालक स्वतःचेंच नुकसान करितो.

पुराविषयीं मात्र केवळ कायद्यावर विसंबतां येत नाहीं. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानें पुरामुळें घर कायमचें निरुपयोगी झाल्यास भाडेपट्टा सोडण्याची मुभा भाडेकरूस दिली आहे. पण आठ-दहा दिवस पाण्याखालीं राहून पुन्हा उभें राहिलेल्या घराचें काय? त्या दिवसांचें भाडें द्यावयाचें कीं नाहीं, गाळ कोणीं काढावयाचा, विजेची दुरुस्ती कोणाच्या खर्चानें, हें करारांतच लिहावें. शिवाय पूर ओसरल्यावर पंचनाम्यास आलेल्या माणसापुढें ठेवावयास ज्याच्याजवळ कराराचा कागद किंवा भाड्याची पावती नाहीं, त्यास आपण तेथें राहत होतों हें सिद्ध करितां करितां नाकीं नऊ येतात.

आतां एक कटु गोष्ट. घर रिकामें असूनही आडनांव ऐकून तें ‘आजच दिलें’ असें सांगणारे सुशिक्षित गृहस्थ आपल्यांत आहेत. कोणास जात चालत नाहीं, कोणास धर्म, कोणास एकटी राहणारी स्त्री. उंचावरील घराचें दार असें बंद झालें कीं तें कुटुंब जेथें मिळेल तेथें, म्हणजे पुष्कळदां पाण्याच्या वाटेवर, बिऱ्हाड मांडतें. आपल्या दारांतला एक नकार दुसऱ्याचा संसार पुरांत लोटतो, हें नाकारणारानें ध्यानीं घ्यावें.

आमच्या सूचना थोड्या आहेत. २००५, २०१९ व २०२१ ह्या तिन्ही पुरांच्या खुणा महापालिकेनें गल्लोगल्लीं भिंतींवर रंगवाव्या, म्हणजे नवख्यास कोणास विचारावें लागणार नाहीं. मालकांनीं करार नोंदवावे व त्यांत पुराचें कलम घालावें. बिऱ्हाडकरूंनीं किल्ली घेण्यापूर्वीं पाणी कोठवर आलें होतें हें निःसंकोचपणें विचारावें. ह्यांपैकीं कोणत्याही गोष्टीस नवा कायदा लागत नाहीं. कृष्णेचें पाणी पुन्हा चढेल तेव्हां चढो. तोंपर्यंत आपला व्यवहार तरी स्वच्छ असावा, एवढेंच आमचें सांगणें आहे.