तारकागुच्छांचें आयुष्य

पावसाळा सरून आकाश निवळलें, म्हणजे मार्गशीर्षांत रात्रीं आठाच्या सुमारास पोफळीच्या कोणत्याही अंगणांत उभें राहून सह्याद्रीच्या रांगेवर पूर्वेकडे पाहावें. वर कृत्तिकांचा लहानसा झुपका, त्याखालीं तांबूस रोहिणी, आणि तिच्याहि खालीं मृग, अशी ओळ दृष्टीस पडते. शेतकऱ्यांच्या मुलांस हीं नांवें नवीं नाहींत. मृग लागला कीं पेरणीची घाई सुरू होते, हें त्यांस लहानपणापासून ठाऊक असतें. परंतु हीं नक्षत्रें आणखी एका कारणानें पाहण्याजोगीं आहेत. तारे बहुधा एकेकटे जन्मत नाहींत, तर थव्यांनीं जन्मतात. अशा थव्यास तारकागुच्छ म्हणतात. आणि त्याच्या आयुष्याच्या तीन अवस्था येथें एकाच ओळींत मांडलेल्या आहेत.

कृत्तिकांशीं आपल्या जिल्ह्याचा एक विशेष संबंध आहे. दापोलीजवळच्या मुरूड गांवीं १८५३ सालीं जन्मलेले शंकर बाळकृष्ण दीक्षित हे व्यवसायानें शिक्षक होते. १८९६ सालच्या आपल्या भारतीय ज्योतिषशास्त्रावरील ग्रंथांत त्यांनीं शतपथ ब्राह्मणांत कृत्तिकांच्या उदयाची जी दिशा सांगितली आहे, तीवरून त्या ग्रंथाचा काळ ठरविला. त्या काळीं कृत्तिका नेमक्या पूर्वेस उगवत. आज त्या बऱ्याच उत्तरेकडे सरकून उगवतात. दीक्षितांनीं कृत्तिकांवरून ग्रंथाचें वय काढलें. खुद्द कृत्तिकांचें वय काढण्याची रीत विसाव्या शतकांत सांपडली.

ती रीत समजण्यास कठीण नाहीं. जाड वातीचा दिवा तेल भराभर पितो आणि लवकर विझतो. त्याचप्रमाणें भारी तारा निळसर प्रखर तेजानें जळून तीस-चाळीस लक्ष वर्षांत संपतो. सूर्यासारखा बेताचा तारा मात्र सुमारें १,००० कोटि वर्षें पुरतो. एका गुच्छांतील तारे जवळजवळ एकाच वेळीं जन्मलेले असल्यामुळें, त्यांतील किती भारी तारे अद्याप तेवत आहेत, हें पाहिलें कीं गुच्छाचें वय कळतें. या हिशेबानें कृत्तिका सुमारें १० ते १२ कोटि वर्षांच्या, आणि रोहिणीभोवतींचा गुच्छ ६० कोटींहून अधिक वर्षांचा ठरतो. तेजस्वी रोहिणी स्वतः मात्र त्या गुच्छांतील नव्हे. गुच्छ सुमारें १५० प्रकाशवर्षें दूर आहे, तर ती ६५ प्रकाशवर्षांवर, म्हणजे वाटेंतच उभी आहे.

आतां जन्म पाहूं. मृगाच्या पोटांतील तीन ताऱ्यांच्या दक्षिणेस एक पुसट ठिपका दिसतो. तो सुमारें १,३०० प्रकाशवर्षें दूर असलेला तेजोमेघ होय. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयांत १८८८ सालीं उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेंत प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीं त्याच्या प्रकाशाचा वर्णपट अभ्यासिला होता. असे मेघ मुळांत अत्यंत थंड, शून्याखालीं सुमारें २६० अंश असतात. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणानें ते आंत ढांसळतात, त्यांचे तुकडे पडतात, आणि प्रत्येक दाट तुकड्यांतून तारा उदयास येतो. मृगांतील या मेघांत अवघ्या दहा-वीस लक्ष वर्षांचे हजारों तारे आहेत.

येथेंच गुच्छाच्या भवितव्याचा प्रश्न उभा राहतो. नवजात भारी ताऱ्यांचें तेज आणि त्यांपासून वाहणारे प्रचंड वारे उरलेला वायु दूर लोटून देतात. आरंभींच्या वायूपैकीं बहुतेक भाग ताऱ्यांत उतरलेलाच नसतो. त्याच्याच ओढीनें तारे एकत्र बांधलेले असतात. गोफण फिरतां फिरतां तिची दोरी तुटावी, त्याप्रमाणें तो वायु जातांच तारे चहूंकडे पांगतात. बहुतेक गुच्छ असे बाल्यांतच मोडतात.

परंतु कांहीं गुच्छ फार दाट असतात. सूर्याच्या दहा हजारपट किंवा त्याहून अधिक द्रव्य थोड्या प्रकाशवर्षांच्या जागेंत सामावतें, व ज्यांचें वय १० कोटि वर्षांच्या आंत आहे, त्यांस तरुण प्रचंड गुच्छ म्हणतात. त्यांच्या दाट गाभ्यांत वायूचा मोठा भाग ताऱ्यांत उतरतो. म्हणून तो निघून गेला तरी ताऱ्यांची परस्परांची ओढ पुरी पडते. स्वीडिश ज्योतिषी वेस्टरलुंड यांस १९६१ सालीं असा एक गुच्छ आढळला. दुसरा, आर १३६ नांवाचा, मोठ्या मॅगेलन मेघांत सुमारें १,६०,००० प्रकाशवर्षें दूर आहे. त्याचा गाभा म्हणजे एकच राक्षसी तारा असावा, असें कित्येकांस वाटे. १९८५ च्या सुमारास तो अनेक ताऱ्यांचा समूह असल्याचें दिसून आलें. त्यांतील कांहीं तारे सूर्याच्या शंभरपटीहून भारी आहेत.

तगलेल्या गुच्छासहि झीज चुकत नाहीं. भारी तारे स्फोट पावून द्रव्य उधळतात. उरलेल्यांपैकीं जड ते मध्याकडे उतरतात, हलके ते कडेला जाऊन निसटतात. शिवाय आकाशगंगेची ओढ बाहेरचे तारे हिरावून नेते. कृत्तिकाहि पुढील कांहीं कोटि वर्षांत विखुरणार आहेत. शौरी समूहांतील गोल गुच्छ मात्र १,१०० कोटि वर्षांहून अधिक काळ टिकला असून त्यांत आजहि कित्येक लक्ष तारे आहेत. असे गोल गुच्छ पुरातन काळच्या तरुण प्रचंड गुच्छांचे उरलेले गाभे असावेत, असें अनेक ज्योतिषी मानतात.

आपला सूर्य ४६० कोटि वर्षांचा. तोहि बहुधा अशाच एखाद्या गुच्छांत जन्मला. आज त्याचीं भावंडें आकाशगंगेंत कोठेंतरी विखुरलेलीं आहेत. पालकांनीं एखाद्या अंधाऱ्या रात्रीं मुलांस अंगणांत नेऊन कृत्तिका मोजावयास सांगाव्या, आणि मग उत्तरेस शर्मिष्ठा व ययाति यांच्यामध्यें धुक्याचा पुसट डाग शोधावा. ते ७,५०० प्रकाशवर्षें दूर असलेले दोन तरुण जुळे गुच्छ आहेत. त्यांचें वय सुमारें सव्वा कोटि वर्षें. आणि त्यांस पाहण्यास दुर्बीण नको, फक्त काळोख आणि थोडा धीर पुरतो.