केम्मू : सम्राटाच्या राज्याची अल्पायुषी घडी

केम्मू हा जपानी शक सम्राट गो-दाइगोने १३३४च्या प्रारंभी सुरू केला. कारभार त्याने आदल्या वर्षीच हाती घेतला होता. त्याआधी सुमारे दीडशे वर्षे सम्राट क्योतोत गादीवर बसे आणि राज्य कामाकुराहून चाले. तेही शोगुनच्या नावाने होजो घराणे चालवी. त्यांच्याविरुद्धचा कट फसल्यावर गो-दाइगोची रवानगी ओकी बेटावर झाली. १३३३मध्ये तो तिथून निसटला. त्याचा पक्ष मोडायला निघालेला सरदार आशिकागा ताकाउजी उलटला व त्याने क्योतोतले होजोंचे ठाणे घेतले. नित्ता योशिसादाने कामाकुरा पाडले.

गो-दाइगोला शोगुन नको होता, दरबारी राजप्रतिनिधीही नको होता. सगळे निर्णय आपल्याच सहीशिक्क्याने व्हावेत हा त्याचा आग्रह, आणि घोडे अडले ते तिथेच. जमिनीचा हक्क सम्राटाच्या आज्ञापत्राशिवाय ग्राह्य नाही, असा हुकूम सुटताच गावोगावचे सामुराई जुनी कागदपत्रे घेऊन राजधानीत लोटले. काम आवरेना, काही आठवड्यांतच हुकूम सैल करावा लागला आणि दाव्यांसाठी वेगळी कचेरी उघडावी लागली. १३३४मध्ये क्योतोच्या निजो भागात नदीकाठी एक निनावी फलक लागला. रात्रीचे हल्ले, दरोडे आणि बनावट आज्ञापत्रे यांचीच सध्या राजधानीत चलती आहे, अशी त्यात टर उडवली होती. याच सुमारास नव्या राजवाड्यासाठी सामुराईंच्या जमिनीच्या उत्पन्नातला विसावा हिस्सा मागण्यात आला. ज्यांनी लढून राज्य मिळवून दिले, त्यांच्याच खिशाला ही चाट होती.

१३३५मध्ये होजो तोकियुकीने बंड करून कामाकुरा घेतले. शोगुनपद मागूनही न मिळालेला ताकाउजी परवानगीशिवाय तिकडे गेला, शहर जिंकले आणि जमिनी स्वतःच वाटू लागला. सामुराईंना हवे होते ते नेमके हेच. १३३६च्या आरंभी हरून तो क्युशूला पळाला खरा, पण काही महिन्यांतच फौज घेऊन परतला. आजच्या कोबे शहरातल्या मिनातोगावाच्या लढाईत सम्राटाचा निष्ठावंत सेनानी कुसुनोकी मासाशिगे पडला. ताकाउजीने क्योतोत कोम्यो याला गादीवर बसवले; गो-दाइगो योशिनोच्या डोंगरांत गेला. तेथून सुरू झालेली दोन दरबारांची फूट १३९२मध्ये मिटली.

शकाचेही तसेच दोन वाटे झाले. गो-दाइगोने १३३६मध्येच केम्मू सोडून एन्गेन हे नाव घेतले होते. ताकाउजीच्या बाजूने मात्र १३३८पर्यंत केम्मूच चालवला.