स्थानिक भूलद्रव्ये आणि हृदय : प्राणी-प्रयोगांचा धडा

विद्रधीचे भेदन असो वा क्षारसूत्रकर्म, लिग्नोकेनचे इंजेक्शन आज आपल्यापैकी अनेकांच्या हाताशी असते. औषध ‘स्थानिक’ म्हणजे ते टोचलेल्या जागीच राहणार, असा समज त्यातून रूढ झाला आहे. मात्रा वाढली किंवा सुईचे टोक शिरेत गेले, तर हेच द्रव्य मेंदू व हृदय गाठते. या धोक्याचे स्वरूप प्रामुख्याने प्राण्यांवरील प्रयोगांतून उलगडले. म्हणून त्याचा परामर्श येथे घेत आहोत.

ब्युपिव्हाकेन हे दीर्घकाळ टिकणारे भूलद्रव्य १९५७ साली तयार झाले. १९७९ मध्ये अमेरिकेतील भूलतज्ज्ञ जॉर्ज ऑलब्राइट यांनी एका संपादकीयातून इशारा दिला, की ब्युपिव्हाकेन व एटिडोकेन यांच्या वापरानंतर काही रुग्णांचे हृदय अचानक बंद पडते आणि ते पुन्हा चालू करणे अत्यंत कठीण जाते. लिग्नोकेनच्या विषबाधेत सामान्यतः ओठ-जीभ बधिर होणे, कानात गुंजन, आचके ही मेंदूची लक्षणे आधी दिसतात. ब्युपिव्हाकेनमध्ये आचके आणणारी मात्रा व हृदय कोलमडवणारी मात्रा यांतील अंतर कमी असते, हे मेंढ्यांवरील प्रयोगांत आढळले.

असे का व्हावे? १९८५ मध्ये क्लार्कसन व होंडेगेम यांनी गिनीपिगच्या हृदयस्नायूंवर प्रयोग करून याचे उत्तर दिले. दोन्ही द्रव्ये हृदयपेशींचे सोडियम-मार्ग झपाट्याने रोखतात. लिग्नोकेन दोन ठोक्यांमधील विश्रांतीत लगेच सुटते. ब्युपिव्हाकेन मात्र सावकाश सुटते. ते पुरते सुटण्यापूर्वीच पुढचा ठोका येतो, अवरोध साचत जातो आणि हृदयाची गती व बल दोन्ही ढासळतात.

प्रतिकाराचा मार्ग अनपेक्षितपणे सापडला. कार्निटिनची कमतरता असलेल्या एका रुग्णात ब्युपिव्हाकेनच्या अल्प मात्रेनेच हृदयाची लय बिघडल्याचे शिकागोचे डॉ. गाय वाइनबर्ग यांनी पाहिले. मेदामुळे ही बाधा वाढेल, या अपेक्षेने त्यांनी उंदरांना शिरेवाटे लिपिड इमल्शन दिले. घडले नेमके उलट. १९९८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २००३ च्या प्रयोगात हृदय बंद पडलेल्या बारा कुत्र्यांपैकी लिपिड दिलेले सहाही वाचले, तर सलाइन दिलेल्या सहांपैकी एकही वाचला नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्क येथे दीर्घ प्रयत्नांनी न वाचणारा एक रुग्ण याच उपायाने वाचल्याची नोंद प्रसिद्ध झाली. मात्र डुकरांवरील काही प्रयोगांत लिपिडचा असा लाभ दिसला नाही. प्राण्यातील निष्कर्ष मानवाला जसाच्या तसा लावता येत नाही, हा विवेक येथे राखावा लागतो.

आपल्या परंपरेला ही दृष्टी परकी नाही. विषयुक्त अन्नाचे पशुपक्ष्यांवर होणारे परिणाम पाहून विष ओळखण्याची रीत सुश्रुताच्या कल्पस्थानात सांगितली आहे. औषध आणि विष यांतील भेद मात्रा व युक्ती यांवर ठरतो, हे तर आपले मूलसूत्रच आहे.

यातून व्यवहारात काय घ्यावे? आपल्या नोंदणी व प्रशिक्षणाच्या कक्षेत भूल देतानाही मात्रा वजनावरूनच काढावी. अॅड्रिनलिनविरहित लिग्नोकेनची कमाल मर्यादा साधारणतः प्रतिकिलो ४.५ मि.ग्रॅ. धरतात. दोन टक्के द्रावणाच्या एका मि.लि.मध्ये २० मि.ग्रॅ. औषध असते, म्हणजे ५० किलोच्या रुग्णाला सुमारे ११ मि.लि.मध्येच मर्यादा गाठली जाते. प्रत्येक वेळी दट्ट्या मागे ओढून रक्त येत नाही ना हे पाहावे, औषध थांबत-थांबत द्यावे आणि रुग्णाशी बोलत राहावे. लक्षण दिसताच इंजेक्शन थांबवून प्राणवायू द्यावा व १०८ ला पाचारण करावे. जेथे मोठ्या मात्रेत भूल दिली जाते, तेथे २० टक्के लिपिड इमल्शन हाताशी असलेच पाहिजे. औषधविक्रेत्या बंधूंनी अॅड्रिनलिनयुक्त व अॅड्रिनलिनविरहित बाटल्या, तसेच निरनिराळ्या तीव्रतेची द्रावणे वेगळ्या कप्प्यांत ठेवावीत आणि लिपिडची मुदत नियमित तपासावी.

प्रयोगशाळेत प्राण्यांनी प्राण देऊन मिळालेले हे ज्ञान आहे. ते टेबलाशेजारी उपयोगी पडले नाही, तर ते देणे आपण फेडले असे म्हणता येणार नाही.