आगीचा ताळेबंद
लेखमाला : संकटांचा जमाखर्च – लेखांक सहावा

पंचगंगेचं पाणी किती चढलं ते सांगायला राजाराम बंधाऱ्यावर मोजपट्टी आहे. 39 फुटांना इशारा पातळी, 43 फुटांना धोका पातळी. पावसाळ्यात कोल्हापुरातलं शाळकरी पोरही हे आकडे तोंडपाठ सांगतं. म्हणून 2019 आणि 2021च्या महापुरांचा हिशेब मागच्या दोन लेखांकांत मांडता आला. आगीचं तसं नाही. ती मोजायची कुणी आणि लिहायची कुठल्या वहीत, इथूनच घोळ सुरू होतो. आणि देशादेशांच्या आगीची तुलना करायला बसलं की हा घोळ फारच महागात पडतो.

8 ऑगस्ट 2024ची रात्र कोल्हापूरकर विसरलेले नाहीत. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह पेटलं. शाहू महाराजांनी बांधून घेतलेली, 1915 साली पॅलेस थिएटर म्हणून उघडलेली ही वास्तू. रंगमंच, छत, खुर्च्या, सगळं जळालं. दगडी भिंती तेवढ्या उभ्या राहिल्या. लगतच्या खासबाग मैदानाच्या बाजूलाही झळ पोहोचली. दुसऱ्याच दिवशी, 9 ऑगस्टला, केशवरावांची जयंती होती. लोक रस्त्यावर उभे राहून रडले. सरकारनं पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा निधी जाहीर केला.

या आगीत एकही जीव गेला नाही. त्या वेळी आत प्रयोग रंगात आला असता तर काय झालं असतं, याची कल्पना करायला शिकागोचं इरोक्वॉय थिएटर आठवावं. 30 डिसेंबर 1903 रोजी भर प्रयोगात तिथला रंगमंच पेटला आणि 602 माणसं गेली. त्याआधी 1881 साली व्हिएन्नाच्या रिंग थिएटरात शेकडो गेली होती. अशा आगींनंतरच नाट्यगृहांत आगरोधक पडदा आणि बाहेरच्या बाजूला उघडणारी दारं सक्तीची होत गेली. आपल्या नशिबानं आपल्यावर ती वेळ आली नाही. पण जीव गेला नाही म्हणून ही आग देशाच्या हिशेबात जवळपास दिसतच नाही.

कारण देशपातळीवर आगीचा जो आकडा आपण वापरतो, तो येतो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या, म्हणजे एनसीआरबीच्या, अपघाती मृत्यूंच्या वार्षिक अहवालातून. त्याचा पाया पोलिसांची नोंद हा आहे. 2022च्या अहवालात देशभरातल्या आगीच्या घटना 7,566 आणि मृत्यू 7,435. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. जवळजवळ प्रत्येक आगीमागे एक मृत्यू! एकशे चाळीस कोटींच्या देशात वर्षभरात साडेसात हजारच आगी लागतात, हे कुठल्याही अग्निशमन केंद्रातल्या जवानाला सांगितलं तर तो हसेल. उघड आहे, माणूस मेला की मगच ती आग या पुस्तकात येते. घर जळालं, दुकान जळालं, बंब गेला आणि विझवून आला, तर तिची नोंद महापालिकेच्या वर्दीच्या वहीत राहते.

आता अमेरिका बघू. तिथल्या अग्निसुरक्षा संघटनेच्या, एनएफपीएच्या, हिशेबानुसार 2022 साली अग्निशमन दलं सुमारे 15 लाख आगींवर धावली. मृत्यू 3,790, जखमी 13,250, मालमत्तेचं थेट नुकसान 18 अब्ज डॉलर. म्हणजे साधारण चारशे आगींमागे एक मृत्यू. जपानची लोकसंख्या महाराष्ट्राच्या आसपास. तिथे त्याच वर्षी सुमारे 36 हजार आगी आणि साडेचौदाशेच्या घरात मृत्यू, म्हणजे पंचवीस आगींमागे एक. तिथल्या घरगुती आगींत बळी जातात ते बहुतांश म्हातारी माणसं, आणि 2006 पासून नव्या घरांत, 2011 पर्यंत जुन्याही घरांत धुराचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं केलेलं असूनही.

लोकसंख्येशी भागाकार केला तर गंमतच होते. अमेरिकेत आणि जपानमध्ये दर दहा लाखांमागे अकरा-बारा माणसं आगीत जातात. एनसीआरबीप्रमाणे भारतात पाच. म्हणजे चाळीत, झोपडीत, लोंबकळत्या तारांखाली राहणारे आपण टोकियोवाल्यांच्या दुपटीनं सुरक्षित! अशी तक्ते-तुलना अधूनमधून छापूनही येते, आणि वाचणारा मान डोलावतो.

ती खरी नाही, हे दोन अभ्यासांनी दाखवलं. 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका अभ्यासानं पोलिसांची वही बाजूला ठेवून मृत्यूच्या वैद्यकीय कारणांच्या नोंदी तपासल्या. त्यातून 2001 या एका वर्षात भारतात आगीनं 1 लाख 63 हजार मृत्यू झाल्याचा अंदाज निघाला, पोलिसी आकड्याच्या सुमारे सहापट. त्यातल्या 1 लाख 6 हजार बायका होत्या, त्याही प्रामुख्यानं 15 ते 34 वयाच्या. पुढे 2017 सालच्या जागतिक अभ्यासानं भारतातले मृत्यू 27 हजारांच्या वर धरले, तेव्हा एनसीआरबीकडे त्याच वर्षाचे तेरा हजारच होते. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती वेगळ्या आहेत, म्हणून 1 लाख 63 हजारांवरून थेट 27 हजारांवर आलो असं कुणी समजू नये. पण दोघांचाही कल एकच: वहीत उतरतात त्याहून कितीतरी जास्त माणसं जळतात.

उरलेली कुठे जातात? जिल्हा रुग्णालयाच्या जळीत कक्षात. आपल्या कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या कुठल्याही मोठ्या सरकारी दवाखान्यातल्या जुन्या परिचारिकेला विचारा. बाई ‘सत्तर टक्के’, ‘ऐंशी टक्के’ म्हणून दाखल होते, आठ-दहा दिवस झुंजते आणि जंतुसंसर्गानं जाते. कागदावर कारण कधी जंतुसंसर्ग, कधी नुसता ‘आकस्मिक मृत्यू’. आणि मृत्युपूर्व जबाबात एक वाक्य वर्षानुवर्षं ठरलेलं: स्वयंपाक करताना स्टोव्हचा भडका उडाला. त्यातले किती भडके खरोखर स्टोव्हचे होते, हे शेजाऱ्यांना माहीत असतं, सासरच्यांना माहीत असतं. तक्त्यात मात्र ते ‘अपघात’ म्हणूनच जातं. जगातल्या बहुतेक देशांत आगीत पुरुष जास्त मरतात. आपल्याकडे उलटं आहे, आणि देशोदेशींच्या तुलनेत आपण सर्वांत आधी मांडायला हवी ती हीच गोष्ट.

एक चांगली बातमी यात आहे. एनसीआरबीचा मृत्यूंचा आकडा 2015 साली 17,700 होता, तो 2022 पर्यंत साडेसात हजारांच्या खाली आला. वही तीच, मोजणारे तेच. त्यामुळे ही घट खरी मानायला हरकत नाही. माझ्या मते यात गॅसच्या शेगडीचा आणि रेशनवरून हटत गेलेल्या रॉकेलचा वाटा मोठा आहे. पंपाचा स्टोव्ह घरातून गेला आणि भडक्याचं निमित्तही गेलं.

आता पैशाचा हिशेब. विमा क्षेत्रातल्या जिनिव्हा असोसिएशन या संस्थेनं वर्षानुवर्षं देशोदेशींची अग्निआकडेवारी गोळा केली. तिचा ढोबळ निष्कर्ष असा की बहुतेक श्रीमंत देशांत आगीचा एकूण भार राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास जातो. त्यात जळालेली मालमत्ता, बुडालेला धंदा, माणसांची हानी, अग्निशमन दलाचा खर्च, इमारतींत बसवलेली सुरक्षा, विमा चालवण्याचा खर्च, हे सगळं येतं. अमेरिकेनं 2014 सालासाठी हाच हिशेब जरा सढळ हातानं केला तेव्हा आकडा निघाला 328 अब्ज डॉलर, म्हणजे उत्पन्नाच्या 1.9 टक्के. त्याची फोड पाहण्यासारखी आहे. प्रत्यक्ष हानी 55 अब्जांची, आणि आग लागू नये, लागली तर पसरू नये यावरचा खर्च 273 अब्ज. सहातले पाच भाग आग लागण्याआधीच खर्च झालेले!

आपल्याकडे केंद्रानं 2023 साली राज्यांच्या अग्निशमन सेवेसाठी 5,000 कोटींची योजना आणली. आनंदच आहे. डोईमागे छत्तीसएक रुपये होतात, तेही एकदाच. महापालिकांचा खर्च वेगळा, पण बाराव्या अनुसूचीनं अग्निशमन नगरपालिकांच्या गळ्यात बांधलेलं असल्यानं जशी नगरपालिका तसा बंब.

मग माणसाची किंमत. हा विषय नकोसा आहे, पण तो टाळून ताळेबंद होत नाही. अमेरिकेचं वाहतूक खातं एक जीव वाचवण्याचा लाभ 2022च्या हिशेबात सव्वा कोटी डॉलर धरतं, म्हणजे शंभरएक कोटी रुपये. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 माणसं गुदमरून गेली. 2011 साली सर्वोच्च न्यायालयानं भरपाई ठरवली ती वीस वर्षांवरील मृतांसाठी 10 लाख, त्याखालच्यांसाठी साडेसात लाख. 9 जानेवारी 2021 रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयात दहा तान्ही बाळं गेली. राज्याची मदत प्रत्येकी 5 लाख. भरपाई वेगळी आणि नियोजनातली जिवाची किंमत वेगळी, हे मला मान्य आहे. पण आपल्याकडे दुसरा आकडा सहसा मांडलाच जात नाही, त्यामुळे व्यवहारात पहिलाच वापरला जातो. जीव पाच लाखांचा धरला तर कुठल्याही रुग्णालयात बसवलेली पाण्याची फवारणी यंत्रणा कागदावर तोट्याचीच दिसणार.

कंजूषपणा श्रीमंतांनाही चुकत नाही. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला बाहेरून लावायचं आवरण स्वस्तातलं निवडून तीनेक लाख पौंड वाचवले गेले. 14 जून 2017 रोजी तेच आवरण पेटलं आणि 72 जण गेले.

आमच्या जिल्ह्याचा एक खर्च तर कुठल्याच देशाच्या तक्त्यात बसणार नाही. विजेच्या लोंबकळत्या तारा वाऱ्यानं एकमेकींवर घासतात, ठिणगी पडते आणि उसाचा उभा फड पेटतो. मग तलाठ्याचा पंचनामा, विद्युत निरीक्षकाची चौकशी, तोड मिळवायला धावाधाव. जळालेला ऊस दोन-चार दिवसांत गाळला नाही तर वजन आणि उतारा दोन्ही घटतात, आणि वर ‘जळीत’ म्हणून टनामागे कपात. हंगामात हे सगळीकडे होतं. यात माणूस मरत नाही, म्हणून ते पोलिसांच्या पुस्तकात नाही. शेतकऱ्याचा विमा नसतो, म्हणून विमा कंपनीच्याही पुस्तकात नाही.

केशवराव नाट्यगृहाच्या बाबतीत दगड-लाकडाची किंमत कंत्राटात लिहिली जाईल. प्रयोगांच्या गेलेल्या तारखा, प्रकाशयोजनावाले, नेपथ्यवाले, रंगभूषाकार यांची बुडालेली कामं कंत्राटात येत नाहीत. व्हेनिसचं ला फेनिचे नाट्यगृह 29 जानेवारी 1996ला जळालं आणि पुन्हा उघडायला 2003चा डिसेंबर उजाडला. दोन इलेक्ट्रिशियननी काम रखडल्याचा दंड चुकवायला ती आग लावली होती.

आपल्याकडे कायद्याची उणीव नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम 2006 सालचा आहे. त्याप्रमाणे मोठ्या इमारती, दवाखाने, सभागृहं यांनी आपली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं परवानाधारक संस्थेचं प्रमाणपत्र, ‘फॉर्म बी’, दर जानेवारीत आणि दर जुलैत द्यायचं असतं. पुढच्या वेळी मुलीचं लग्न ठरवायला मंगल कार्यालयात जाल, मुलाला क्लासला घालाल किंवा आईला दवाखान्यात दाखल कराल, तेव्हा दराआधी या सहामाहीचा फॉर्म बी दाखवायला सांगा. कुणी हसलं तर हसू द्या, पण कागद पाहिल्याशिवाय आगाऊ रक्कम भरू नका.