पाळणा लांबवण्याचं बळ

एचआयव्हीसह जगणाऱ्या आईच्या पोटात नऊ महिने वाढून, तिचं दूध पिऊनही बहुतेक बाळांना विषाणू लागत नाही! काहीच उपचार मिळाले नाहीत, तर शंभरातल्या 15 ते 45 बाळांना लागण होते. पोटात असताना वारेच्या पातळ पडद्याआडून आईचं आणि बाळाचं रक्त अगदी शेजारून वाहतं, पण सहसा मिसळत नाही. आईने एचआयव्हीवरच्या एआरटी उपचाराच्या गोळ्या रोज घेतल्या, की तिच्या रक्तातला विषाणू दबतो आणि धोका 5 टक्क्यांच्याही खाली येतो.

पण त्या बाळाचं रक्षण गोळ्यांच्याही आधी सुरू होऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने आईकडून बाळाला होणारी लागण रोखण्याचे चार मार्ग सांगितले. त्यात आईची औषधं तिसरी. दुसरा मार्ग आहे नको असलेली गर्भधारणा टाळण्याचा. औषधांना मर्यादा आहेत. प्रसूतीच्या वेळी नेव्हिरॅपीन या औषधाची एकच गोळी दिली जाई, त्या काळात लागण जेमतेम निम्म्याने घटायची. शिवाय त्यासाठी आधी तपासणी व्हायला हवी, आईला आपली लागण माहीत हवी. गर्भनिरोधकाला यातलं काहीच लागत नाही. ज्या बाईची तपासणीच झालेली नाही, तिच्या बाबतीतही ते आपलं काम करतं.

तांबीच पाहा. टी आकाराची प्लास्टिकची काडी आणि तिच्यावर गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. तांब्याचे कण शुक्रजंतूंना निकामी करतात, आणि 380 ए जातीची तांबी तब्बल 10 वर्षं चालते. एफाव्हिरेंझ हे एचआयव्हीचं औषध यकृताच्या कामाचा वेग वाढवतं, त्यामुळे दंडात बसवलेल्या गर्भनिरोधक इम्प्लांटमधून येणारं संप्रेरक शरीरात लवकर मोडून जातं. तांबीत संप्रेरकच नाही, मग हे औषध तिचं काय बिघडवणार? मात्र विषाणूला ती अडवत नाही. त्यासाठी निरोध हवाच.

हे सारं बाईच्या मर्जीनेच व्हायला हवं. लागण झालेल्या गरोदर बाईची नसबंदी किंवा गर्भपात तिच्या संमतीवाचून करता येणार नाही, असं भारताचा 2017 चा कायदा बजावतो. आणि तिला मूल हवं असेल, तर हेच नियोजन तिच्या उपयोगी पडतं: विषाणू दबेपर्यंत पाळणा लांबवायचा, मग निर्धास्तपणे दिवस जाऊ द्यायचे. म्हणून एआरटी केंद्रात गोळ्या देताना प्रत्येक बाईला विचारायलाच हवं, ‘तुम्हाला मूल हवंय का, आणि कधी?’