गाळ्यात ऊब हवी, पण कशाची?

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "सर, गाळ्यात थंडी फार वाजते. कुठला हीटर घेऊ?" विचारणारे बहुतेक माझे जुने विद्यार्थी. कोणाचा साताऱ्यात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लेथ आहे, कोणाचे वाईला दुचाकीचे गॅरेज, कोणी मेढ्याकडे सुतारकाम करतो, कोणी कुपवाडला फॅब्रिकेशन. आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवण्यात माझे आयुष्य गेले, तेव्हा उत्तर तोंडपाठ असेल असे त्यांना वाटते. मी मात्र आधी उलट विचारतो : काम किती वाजता करतोस, आणि गाळ्यात काय काय ठेवतोस?

यातला पहिला प्रश्न आपल्या हवेमुळे. सातारा-सांगलीची थंडी काही युरोपातली नव्हे. भर जानेवारीतही दुपारी पारा अठ्ठावीस-तिशीपर्यंत जातो. आपली थंडी रात्रीची आणि पहाटेची. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात, पण त्याच पहाटे गावात उंचावर पारा बराच वर असतो. गार हवा जड, ती उतारावरून ओघळून खोलगट जागेत साचते. ओढ्याकाठचा गाळा आणि टेकावरचा गाळा यांत म्हणूनच फरक पडतो. मुद्दा असा की आपल्याला ऊब लागते सकाळचे दोन तास आणि रात्रीचे दोन तास.

आता हिशेब करू. दहा बाय वीस फुटांचा, दहा फूट उंचीचा गाळा धरा. भिंती विटांच्या, वर उघडा पत्रा. बाहेर १२ अंश आहे आणि आत २० हवे आहेत. पत्र्यातून साधारण १००० वॅट उष्णता निसटते, भिंतींतून ९००, दाराच्या आणि पत्र्याच्या फटींतून ३००. म्हणजे २२०० वॅट सतत ओतावे लागतात. भिंती गार असतात तोवर याहून जास्तच. रोज चार तास म्हणजे नऊ युनिट, महिन्याला २६० च्या वर. घरगुती मीटरवर वापर वाढला की वरच्या टप्प्यातले युनिट महाग पडते, हे महावितरणचे बिल नीट वाचणाऱ्याला सांगायला नको.

यावर दुकानदार सांगतो, "तेलाचा हीटर घ्या, वीज कमी खातो." हे खरे नाही. हजार वॅटचा कोणताही विजेचा हीटर तासाला एक युनिट खातो आणि तेवढीच उष्णता देतो. मग तो तेलाचा असो, पंख्याचा असो की लाल कांडीचा. फरक असतो तो उष्णता पोचवण्याच्या रीतीत. तेलाचा हीटर आधी स्वतः तापतो, मग हवा तापवतो. त्याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि ती तापलेली हवा थेट पत्र्याकडे जाते. पंख्याचा हीटर हवा लवकर तापवतो, पण गाळा फटींचा असेल तर तीही निघून जाते. कांडीचा, म्हणजे क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर, उन्हासारखा समोरच्या माणसाला तापवतो, हवेला नव्हे. लेथसमोर एका जागी उभ्या असणाऱ्याला ८०० वॅटची कांडी पुरते. चार तासांचे सव्वातीन युनिटच होतात.

पण इथे दुसरा प्रश्न आडवा येतो : गाळ्यात काय ठेवता? पेट्रोल, थिनर, स्पिरिट असेल तर लाल तापणारी कांडी नको म्हणजे नकोच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि खड्ड्यात साचून राहते. अमेरिकेतल्या नियमांत गॅरेजमधले ठिणगी पडू शकेल असे साधन जमिनीपासून किमान दीड फूट वर बसवायला सांगितले आहे, ते यासाठीच. आपल्याकडे कार्ब्युरेटर धुतलेला ट्रे आणि हीटर शेजारी शेजारी ठेवलेले मी पाहिले आहेत! सुताराच्या गाळ्यात पंख्याचा हीटरही नको, तो भुसा आत ओढतो आणि तारेवर जाळतो. अशा ठिकाणी तेलाचा हीटर त्यातल्या त्यात बरा. फवारणी किंवा पॉलिश चालू असताना मात्र तोही बंद.

मिरजेच्या सतारी आणि तंबोरे तर अजून नाजूक. २०२४ साली त्यांना भौगोलिक मानांकन मिळाले, पण वाद्य घडते ते अजूनही छोट्या कार्यशाळांत. भोपळा, लाकूड, सरस आणि स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, सगळे एकाच खोलीत. दमट गारठ्यात लाखेचे पॉलिश पांढुरके पडते, म्हणून ऊब हवी. पण कांडीची धग एका बाजूने लागली तर लाकूड आणि भोपळा तडकायची भीती. इथे खोली आधी तासभर तापवून घ्यावी आणि हीटर बंद करून मगच पॉलिशची बाटली उघडावी. पांढऱ्या गोंदाचेही असेच आहे, दहा अंशांच्या खाली तो नीट धरत नाही.

गॅसच्या हीटरबद्दल बरेच जण विचारतात. एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटरहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने गाळ्यात येते. ते गार लोखंडावर बसते आणि सकाळी लेथच्या बेडवर, व्हर्निअरवर तांबूस गंज दिसतो. शिवाय घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे बेकायदा.

आणि शेगडी. मेढ्याकडे, कोयनेच्या बाजूला सुताराच्या गाळ्यात भुशाची शेगडी किंवा घमेल्यातले निखारे आजही दिसतात. भुसा फुकटचा, ऊब भरपूर. उघड्या पडवीत मला तिचे वावडे नाही. दारे लावून घेतली की मात्र प्राणाशी गाठ. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोके दुखते, गरगरते, मळमळते. माणसाला वाटते पित्त झाले, तो जरा आडवा होतो आणि उठत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक एकाच खोलीत गेले, त्यात चार मुले होती. थंडीसाठी गॅसचा हीटर लावला होता आणि दारे-खिडक्या आतून बंद होत्या. बंद गॅरेजमध्ये गाडीचे इंजिन चालू ठेवले तरी हाच वायू साचतो. कोणाला असे झालेच तर आधी उघड्या हवेत आणावे, लगेच दवाखान्यात न्यावे आणि शेगडी पेटली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

विजेचा हीटर घेतला तरी बोर्ड तपासल्याशिवाय लावू नये. २००० वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. सहा अँपिअरच्या छोट्या प्लगवर किंवा बाजारातल्या बारीक वायरच्या एक्स्टेन्शनवर तो लावला की वायर गरम होते, मग प्लास्टिक मऊ पडते. सोळा अँपिअरचा सॉकेट, त्याला मीटरपासून स्वतंत्र अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, पक्के अर्थिंग आणि तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी एवढे हवेच. गाळ्याची जमीन ओली असते आणि माणूस अनवाणी असतो, तेव्हा शेवटच्या दोन गोष्टींवर पैसे वाचवू नका. हीटरवर आयएसआय चिन्ह पाहा, आणि कलंडला तर आपोआप बंद होणारा घ्या.

मेढ्याच्या त्या सुताराला मी यंदा हीटर घेऊच दिला नाही. आधी पत्र्याखाली प्लायचे छत मारायला लावले, दाराच्या फटीला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या ठोकायला सांगितल्या. पत्र्यातून जाणारे १००० वॅट प्लायच्या छताने तीनशेवर येतात, आणि उन्हाळ्यात गाळा तापतही नाही. प्लाय त्याच्याच दुकानातले. आता तेलाचा १५०० वॅटचा हीटर त्याला पुरेल, आणि भुशाची शेगडी त्याने बाहेर पडवीत नेली आहे, चहासाठी.